पलंगाची कुरकुर अन् पायलची सोयरीक

आमच्या आंधळगावात माह्यासारखा कान कोनाचाच नाई. शेजारच्या घरी माग चालू असला त मी आपल्या सपरीत बसल्या बसल्या सांगतो, कोनता खुटा ढिल्ला झाला अन् कोनतं सूत आता तुटनार आहे. आमच्या सोताच्या घरचा पलंग मात्र वर्सानुवर्सं बोंबलून रायला होता, तो मले कधी ऐकू आला नाई.

(बायको म्हनते, तिचं बोलनंबी मले ऐकू येत नाई. तो वेगळा इषय आहे.)

पलंग लोखंडी. बजारातून आनला तवा दुकानदार म्हनला होता, भाऊ, याच्यावर तुमचे नातू खेळतीन. नातवायचं मालूम नाई, पन दुसऱ्याच साली पलंगाले कंठ फुटला. आमचं घर म्हनजे एकामांगं एक खोल्या. सामोर बसाची सपरी, मधात मागाची खोली, मांगं सयपाकाची खोली अन् तिच्या मांगं सांदवाडी, म्हनजे मांगचं आंगन. पलंग सपरीत. जो येईन तो पलंगावरच बसनार, कारन दुसरं बसाले काई नाईच. अन् बसला का पलंग बोलनार. हलका मानूस बसला त शेळी कोकलल्यावानी. भारी मानूस बसला त... आता कसं सांगू, पोट बिघडल्यावर जो आवाज मानूस चार लोकायत दाबून ठेवते ना, अगदी तस्सा!

उन्हाळ्यात आमच्या पायलले पाहाले पावने आले. पायल आमची एकुलती एक. नर्सिंग शिकली, भंडाऱ्याच्या दवाखान्यात जाते. (मी शाळेत गेलो तवा मास्तर अन् मी एकाच आठवड्यात एकमेकाले कंटाळलो. म्हनून पोरीचं शिक्षन मी लोकायले दोन-दोनदा सांगतो.) त त्या पावन्यायत पोराचा मामा होता, अंगानं चांगला भरलेला. तो पलंगावर टेकला अन् पलंगानं लांबलचक सूर लावला. सगळे मामाकडे पाहाले लागले. मामा म्हनला, मी नाई. अन् "मी नाई" म्हनताना हालला, त पलंगानं पुन्हा हो म्हनलं. पोरगाच फिसकन हासला. मामा लालबुंद होऊन उठला, पोहे तसेच रायले, सोयरीक तिथंच खतम.

तो पोरगा गेला त्याचं मले दुःख नाई. पन दिवाळी झाल्यावर शहापूरच्या पोराचा निरोप आला. नितेश त्याचं नाव. हायवेवर मोटर वाइंडिंगचं दुकान. त्याच्या कामगाराचं बोट चिरलं तवा तो दवाखान्यात आलता, तिथं यायनं एकमेकाले पायलं असन. मी पायलले इचारलं, काय सांगू त्यायले? ती भाजी निवडता निवडता म्हनली, "येऊ द्या." बस, येवढंच. पन आमच्या पोट्टीनं आजपर्यंत कोन्याच पोराले येऊ द्या म्हनलं नव्हतं. बायकोनं अन् मी एकमेकाकडे पायलं. हे जमलं पायजे, काईबी करून.

तिकडून फोनवर येकच गोष्ट सांगतली. सोबत आजी आहे, तिच्या पायाचे टोंगळे दुखते, तिले खाली बसता येत नाई. म्हनजे आजी पलंगावर बसनार. शकुन, माही बायको, फोन ठेवून पलंगाकडे अशी पाहाले लागली का पलंगाच्या जाग्यावर मी असतो त उठून पळालो असतो.

"रविवारपर्यंत याचं तोंड बंद झालं पायजे," म्हनली. "मिस्त्री बलवा."

मी म्हनलं, मिस्त्री कायले? जनमभर माग दुरुस्त करनारा मानूस घरात बसला आहे!

पयले मी मागाले देतो ते तेल दिलं. पलंगानं सूर बदलला, पयले कर्रर म्हने तो चुंईई म्हनाले लागला. मंग सांध्यायत चिंध्या कोंबल्या. त तो चिंध्यायतून बोलाले लागला, सर्दी झाल्यावानी. मंग पाना घेऊन बोल्ट कसले. असे कसले का एकाचा आटा गेला, दुसऱ्याचं डोस्कं तुटून हातात आलं अन् तिसरा उडून कुठं गेला तो अजून सापडला नाई. तेवढ्यात शकुननं सपरीले चुना माराले काढला. मले म्हनली, तुमचा पसारा उचला इथून. मी पलंगाचे तुकडे उचलले अन् मागाच्या खोलीत नेऊन टाकले. तुकडे होते, म्हनून दारातून आरामात गेले. हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाई.

बोल्टायचा नाद सोडला अन् वरठीच्या वेल्डिंगवाल्याले बलवलं. शेवकराम त्याचं नाव, लहानपनापासूनचा दोस्त. तो मोटारसायकलवर मशीन बांधून आला. त्याले घाई, मले हौस. मी म्हनलं, बोल्ट-फिल्ट काई ठेवूच नोको, चारी कोपरे एकजीव करून टाक. त्यानं इचारलं, इथंच करू का? मी म्हनलं, इथंच कर.

आता याच्यात माह्या धंद्याचा दोष आहे. आमच्या त्या खोलीतला माग माह्या आज्यानं बसवला, तो आजबी तिथंच आहे. मागाचं तसंच असते. खोलीत बनते, खोलीतच रायते, त्याले कधी कोनी दारातून बाहेर नेत नाई. आमी जनमभर तेच पाहून रायलो. पलंगाले सपरीत जानं आहे, हे विनकराच्या डोस्क्यात येईनच कसं? (शेवकराम विनकर नाई. त्याच्या डोस्क्यात काऊन आलं नाई, हे मी त्याले अजून इचारून रायलो.)

पन काम झालं झकास. मी पलंगावर बसलो, आवाज नाई. लोळलो, आवाज नाई. वर उभा राहून नाचलो, तरी चिडीचूप. शकुन पाहाले आली, तिनं हातानं दाबून पायलं, अन् जरासाक हासली. लगन झाल्यापासून ती माह्या कामावर हासली ते कौतुकानं असं त्या दिवशी पयल्यांदा झालं.

रविवारी सकाळी चुना वाळला, सपरी दुधावानी पांढरी झाली. मी म्हनलं, चला, पलंग बाहेर घेऊ. मी सपरीतून ओढून रायलो, मायलेकी आतून लोटून रायल्या. पलंग दारापाशी आला अन् थांबला. आडवा केला, नाई. तिरपा केला, नाई. उभा केला त वर छपराच्या मयालीले लागला अन् कवेलूचा भुगा माह्या नव्या शर्टावर पडला. शकुननं पलंग सोडला, कमरेवर हात ठेवले, एकदा दाराकडे पायलं, एकदा पलंगाकडे पायलं. मंग माह्याकडे पायलं. काई बोलली नाई. ती बोलत नाई तवा मले बराबर ऐकू येते.

शेवकरामले फोन लावला, तो कोन्या लग्नात, घंटी वाजून रायली पन उचलत नाई. आमी चौकट उखडाची का भिंत पाडाची हे ठरवतच होतो, त नितेशच्या बापाचा फोन आला. मोहाडी सोडली म्हने, पोहचतोच.

आमच्या घरात एकदम पळापळ. पलंग दारात अडकलेला, तो पयले आत त गेला पायजे! मी दात खाऊन सपरीतून असा धक्का मारला का मायलेकी घाबरून सयपाकाच्या खोलीत पळाल्या अन् पलंग सुसाट मांगं गेला. गेला तो माग अन् भिंत यायच्या मधात जाऊन फसला, बराबर सयपाकखोलीच्या दारासामोर. आता ना मांगं सरकत, ना सामोर. अन् तेवढ्यात बाहेर गाडीचा हारन वाजला.

मी हात जोडून सामोर गेलो. नितेश, त्याचे मायबाप अन् आजी, असे चौघं. दुधावानी पांढऱ्या सपरीतून मी त्यायले सरळ आत नेलं. नितेशच्या बापानं जाता जाता मोकळ्या सपरीकडे पायलं. मी म्हनलं, आमच्याकडे मानाच्या पावन्यायले आतच बसवते जी. चौघंबी पलंगावर बसले, आजी मधात, सयपाकखोलीच्या पडद्याले पाठ लावून. मी जीव मुठीत धरून ऐकत होतो. पलंग मुका! शप्पत सांगतो, माह्या डोळ्यात पानी आलं.

तेवढ्यात आजी जरा सरकली अन् बाजूच्या मागानं "खटाक" केलं. पलंग मागाले दाबून बसला होता ना! पलंगाची कुरकुर गेली, ती मागाच्या पोटात गेली. नितेशचा बाप दचकून म्हनला, तिकडे कोन आहे? मी म्हनलं, कोनी नाई जी, जुना माग आहे, घरी पावने आले का खुश होते. मंग नितेशची माय हालली. खटाक. बापानं पाय बदलला. खटाक खटाक. चौघंबी फोटोत बसल्यावानी ताठ बसून गेले.

पोहे यायचे कुठून, हा इचार मी करूनच रायलो होतो, त आजीच्या खांद्यावरून, पडद्यातून एक हात आला. हातात पोह्याची पलेट. आजीनं हाताकडे पायलं, हातानं पलेट हालवली.

"हे कोन व्हय?" आजी म्हनली.

"आमची घरवाली आहे जी. लाजते ती," मी म्हनलं.

"लाजत नाई, फसली आहो," पडदा म्हनला.

एकामांगं एक चार पलेटा आल्या. पन पोरगी काई पडद्यातून देता येत नाई, अन् मानाच्या पावन्यायच्या डोस्क्यावरून तिले उडी मार असंबी म्हनता येत नाई. मले वाटलं, झालं, याबी खेपेले पोहे तसेच रायनार. इकडे पायलनं कोनाले न इचारता चहाचा ट्रे उचलला, सांदवाडीतून निंगाली, मांगच्या गल्लीतून सारा फेरा घालून, शेजारनी दारात उभ्या राहून पाहून रायल्या त्यायच्या सामोरून, सामोरच्या दारानं सपरीत अन् सपरीतून आत आली. जरीची साडी, हातात ट्रे, कपाळावर घाम, साडीच्या काठाले सांदवाडीतला चिखल.

आजीनं चहा घेतला अन् मायेनं इचारलं, शेजारची का वो तू? पोरगी कवा आनतीन मंग?

"मीच आहो आजी," पायल म्हनली. "इकडचा रस्ता बंद होता, म्हनून फिरून आली."

आजीचा कप तसाच हातात रायला. मागानंबी खटाक केलं नाई. नितेश एकदा पायलकडे पाहे, एकदा तिच्या साडीच्या काठाकडे पाहे. मंग तो खाली वाकला, पलंगाच्या कोपऱ्यातलं वेल्डिंग पायलं. मंग मान वर करून दार पायलं. पोरगा कारागीर आहे, त्याची नजर लपते का?

"काका, हा पलंग इथंच जोडला का?"

मी म्हनलं, छे छे, असाच आनला बजारातून.

"मंग आत कसा आला?"

मी दाराकडे पाहाले लागलो. पडद्यामांगून शकुन म्हनली, "सांगा ना आता."

मंग मी सांगतलं. सारंच. कर्रर पासून, त्या मामापासून, तेल, चिंध्या, शेवकराम, धक्का, सारं. सांगता सांगता मी पायलकडे पाहून रायलो होतो. तिची मान खाली. मले वाटलं, रडली का पोट्टी? आपल्या बापानं आपली सोयरीक पलंगासंगं वेल्डिंग करून टाकली म्हनून? तेवढ्यात तिच्या हातातला ट्रे हालाले लागला. मंग खांदे. मंग तिचं हासू जे फुटलं ते आवरेचना. तिले पाहून नितेश हासला, मंग त्याचे मायबाप. सारा पलंग हाले अन् सारा माग खटाक खटाक करे, जसा काई कोनी आतून लुगडं इनून रायलं. मीबी हासलो. माह्यावरच हासून रायले होते, पन मी त्यायच्याहून जास्त हासलो.

येकटी आजी हासली नाई. तिनं कप खाली ठेवला त सगळेच गपचूप झाले, कारन त्या घरात तिचाच शब्द चालते हे दिसतच होतं. तिनं पलंग पायला, माग पायला, दार पायलं. शेवटी मले डोस्क्यापासून पायापर्यंत पायलं, कवेलूच्या भुग्यासगट. मंग मान मांगं वळवून पडद्याले म्हनली,

"खरं सांगजा बाई. पोरगी कोनावर गेली?"

"माह्यावर, आजी," पडद्यामांगून शकुन म्हनली. "पुरी माह्यावर."

"मंग जमलं," आजी म्हनली. "या मानसावर गेली असती त मी माहे टोंगळे घेऊन चालतच शहापूरले गेली असती."