कोठीचे कागद

गहू चैत्रात घ्यावा लागतो आणि माणसं किती येणार ते वैशाखात कळतं. काकूंच्या खानावळीचं सगळं दुखणं या एका महिन्यात होतं, आणि मी सहा वर्षं त्या महिन्यातच राहिलो असं आता वाटतं.

काळ मध्यभारत राज्याचा. संस्थान विलीन झालं होतं आणि नव्या सरकारला दोन राजधान्या होत्या, थंडीत ग्वाल्हेर आणि उन्हाळा लागला की इंदूर. सरकार यायचं म्हणजे फायली यायच्या, आणि फायलींच्या मागे कारकून. बायकामुलं ग्वाल्हेरला ठेवून आलेले मराठी कारकून राजवाड्यामागच्या गल्लीत काकूंकडे जेवायला असत. थंडीत आमच्याकडे वीसेक पानं मांडली जायची. त्यात गिरण्यांच्या हापिसातले लोक, दोन मास्तर आणि कॉलेजातली चार मुलं. उन्हाळ्यात हीच पानं पन्नासाच्या घरात जायची, पण कोणत्या वर्षी चाळीस आणि कोणत्या वर्षी साठ, ते कोणतं खातं येतं आणि कोणतं ग्वाल्हेरलाच राहतं यावर होतं. ते आम्हांला कोण सांगणार? गहू मात्र वर्षाचा एकदम भरायचा. कमी घेतला तर आषाढात चढ्या भावाने घ्या, जास्त घेतला तर भाद्रपदात टोके निवडत बसा.

मी कोकणातला, राजापूरकडचा. सहावीत शाळा सुटली. वडील गेले होते, घरात आई आणि थोरला भाऊ. गावातल्या एकांच्या ओळखीने सोळाव्या वर्षी इंदूरला आलो तो काकूंकडे. काकूंचे यजमान संस्थानच्या कोठीवर कारकून होते. कोठी म्हणजे राजवाड्याचं धान्याचं कोठार. संस्थान गेलं, मागोमाग तेही गेले, आणि काकूंनी पदर खोचून चूल मोठी केली. मी आलो त्याच महिन्यात विषमज्वराने पडलो. एकवीस दिवस काकूंनी मला मुगाचं पाणी पाजलं. त्यातले तीन दिवस त्यांनी खानावळ बंद ठेवली होती, हे मला पुढे दुसऱ्यांकडून कळलं. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. बोललेल्या उपकाराला काही उत्तर तरी देता येतं.

यजमानांच्या मागे घरात एक लाकडी पेटी राहिली होती. तिच्यात कोठीचे छापील कागद होते, कोरे, गठ्ठेच्या गठ्ठे. वर संस्थानची मुद्रा, खाली रकाने: जिन्नस, मागणी, दिले, शिल्लक. राज्य गेल्यावर ते कागद कुणाच्या कामाचे? काकू त्यांवर पापड वाळवायच्या. एका वर्षी दोन मण गव्हाला कीड लागली आणि काकू दिवसभर गप्प राहिल्या, तेव्हा भीतीने मी त्यातला एक कागद घेतला आणि उद्या किती पोळ्या लागतील ते ‘मागणी’च्या रकान्यात लिहिलं. संध्याकाळी ‘दिले’ भरलं, ‘शिल्लक’ भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ती हुशारी नव्हती, धास्ती होती. धास्तीचा माणूस मोजत राहतो.

मोजता मोजता काही गोष्टी दिसायला लागल्या. पगाराच्या आधीच्या आठवड्यात लोक माणशी दीड पोळी जास्त खातात. पगार झाला की सराफ्यात जाऊन चाट खाऊन येतात आणि आमच्या भाताला नुसता हात लावतात. एकादशीला बारा पानं कमी, पण साबुदाणा दुप्पट. ज्याची बायको माहेरी गेली असेल तो महिनाभर चटणी मागतो. गिरणीचा भोंगा झाला की पहिली पंगत बसायची आणि मी दारात पेन्सिल घेऊन उभा. एक मास्तर रोज विचारायचे, “काय मॅनेजरसाब, आज पण घास गिनून राहिले का?” सगळे हसत. मीही हसायचो, आणि त्यांच्या पोळ्या लिहायचो.

वर्षाच्या गव्हासाठी मी जोडकार्डांची युक्ती काढली. फाल्गुनात गेल्या सालच्या प्रत्येक ग्वाल्हेरकराला एक जोडकार्ड, उत्तराचा भाग कोरा: आपलं खातं यंदा येणार का, आपण जेवायला असणार का. उत्तरं आली की त्यातून दहातला एक भाग वजा करायचा, कारण हो म्हणून न येणारे असतातच. मग देपालपूरच्या व्यापाऱ्याकडे जाऊन तेवढाच गहू ठरवायचा. तो म्हणायचा, “भिया, पूरी गाडी उठा लो, भाव बढ़ेगा.” मी माझा कागद दाखवायचो. पुढे पुढे तो कागद पाहूनच हसायचा आणि तेवढंच तोलायचा. तिसऱ्या वर्षी अंदाज चार पायल्यांत बसला. काकूंनी कौतुक केलं नाही, नुसतं भिंतीवरच्या खिळ्याला पेटीची किल्ली टांगून ठेवली आणि म्हणाल्या, आता ही तुझ्याकडे.

त्या किल्लीनेच मी अडकलो. उन्हाळ्यात इतकी माणसं असत की मला हलता येत नसे. थंडीत माणसं इतकी कमी होत की पोळ्या लाटणाऱ्या बाईंना सुट्टी द्यावी लागे, मग लाटायला काकू आणि बाकी सगळ्याला मी. पावसाळ्यात मुंबईहून कोकणात जाणाऱ्या बोटीच बंद. बारा महिन्यांत मला निघायला एकही महिना नव्हता. झोपायचोही खानावळीच्या कोठारात, दोन कणग्यांच्या मधल्या पट्टीत. कूस बदलली की कोपर गव्हाला लागायचं.

आणि आईची पत्रं यायची, शेजाऱ्याच्या अक्षरात. पहिल्यांदा लिहिलं, डोळ्यांपुढे धुकं येतं. मग लिहिलं, मोतीबिंदू आहे म्हणतात, दोन्हीकडे. मग एका पत्रात फक्त, “दिसतंय तोवर एकदा ये.” भाऊ बेळगावला नोकरीला गेला होता. ते पत्र मी कागदांच्या गठ्ठ्यात ठेवलं आणि काकूंना दाखवलं नाही. दाखवलं तर त्या ‘जा’ म्हणतील आणि खानावळ बसेल. किंवा ‘जा’ म्हणणार नाहीत, आणि मग माझ्या मनातल्या काकू बसतील.

ग्वाल्हेरकरांत एक जण हिशेबतपासणीच्या खात्यातले होते. बारीक, चष्म्याचे, ताकाला नावं ठेवणारे. आश्विनात सरकार परतायच्या आधी एका दुपारी त्यांनी माझे कागद मागितले. मला वाटलं चूक काढणार. त्यांनी तासभर पाहिले, वर्षाची जमा विचारली, खर्च विचारला. वर्षाअखेर तीनशे चाळीस रुपये उरतात, मी जरा छाती काढूनच सांगितलं.

“यात तुझा पगार कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मला पगार नाही, मी घरचाच. जेवण आहे, दोन जोड कपडे आहेत.

“घरचा कबूल. पण उद्या तू नसलास तर तुझ्या जागी माणूस ठेवायला महिना तीस रुपये लागतील. बाराने गुण.” मी गुणलं. तीनशे साठ. ते कागद परत करत म्हणाले, “मग नफा कुठला? खानावळ वीस रुपये तोट्यात चालतेय, आणि तो तोटा तू भरतोयस. नफा नफा म्हणतोस तो तूच आहेस, बाबा.”

मला राग आला. एकवीस दिवस मुगाचं पाणी कुठल्या रकान्यात लिहू, असं विचारावंसं वाटलं. पण कोठारात जाऊन छापील कागदाकडे पाहत बसलो. जिन्नस, मागणी, दिले, शिल्लक. माणसांचा रकानाच नव्हता. असणार कसा? राजवाड्यात धान्याचा हिशेब कोठीकडे आणि माणसांचे पगार दुसऱ्या कचेरीत. यजमानांनी जन्मभर तोच कागद भरला, काकूंनी तोच पाहिला, मी त्याच्यावरच धंदा शिकलो. राजवाड्याची दुसरी कचेरी आमच्या घरात नाही, हे आम्हां कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सबंध थंडी मी गप्प राहिलो. काकू मायेने वाढायच्या आणि माझ्या डोक्यात तीस गुणिले बारा चालायचं. त्याची मला लाज वाटायची. फाल्गुनात वर्षाचा अंदाज करायला बसलो तेव्हा मात्र हाताने ऐकलं नाही. ‘जिन्नस’च्या रकान्यात तूरडाळीच्या खाली मी लिहिलं: मी, तीस रुपये. नेमक्या तेव्हाच काकू मीठ घ्यायला आत आल्या. त्या वाचायच्या सावकाश, ओठ हलवत. मी उभा राहिलो. कागदाखालून आईचं पत्र अर्धं बाहेर आलं होतं, तेही त्यांनी उचललं आणि वाचलं. एका ओळीच्या पत्राला फार वेळ लागला.

मग पत्र खाली ठेवून त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “आणि माझा?”

मला कळेना.

“तुझा लिहिलास. माझा पगार कुठाय? पहाटे चारला कोण उठतं, तुझा तो चष्मेवाला? ऐकलं होतं मी त्याचं.”

मी पेन्सिल घेऊन खाली लिहिलं: काकू, तीस रुपये. त्या म्हणाल्या, “हं. आता सांग किती तोटा.” दोघांचे मिळून सातशे वीस, त्यातून तीनशे चाळीस गेले. तीनशे ऐंशीचा खड्डा. त्या मीठ हातात धरूनच हसायला लागल्या. इतकी वर्षं आपण दोघं मिळून कारकुनांना धर्मादाय जेवू घालून राहिलो की रे, म्हणाल्या. मग हसू थांबलं आणि त्यांनी विचारलं, काय केलं म्हणजे तुला जाता येईल.

ते उत्तर माझ्याकडे तयार होतं, थंडीभर तेच केलं होतं. माझ्या तीस रुपयांत पोळ्यांच्या बाई थंडीतही राहतील आणि वरचं बाईंचा भाऊ पाहील. पण आता तीनशे ऐंशीचा खड्डा भरायला हवा. उन्हाळ्याच्या सहा महिन्यांत महिना बावीसचे चोवीस केले तर पन्नास पानांचे सहाशे जास्त येतात. पण दर वाढला की पानं गळणार, आणि एक पान गळलं की त्यावर महिन्याला सुटणारे सहा रुपयेही जाणार. चार पानं गेली तरी खड्डा भरतो. पाचवं गेलं तर नाही.

काकू म्हणाल्या, विचार त्यांना कार्डावर. खानावळवाली दर वाढवण्याआधी गिऱ्हाइकाला विचारते, हे इंदुरात कुणी केलं नसेल. इथली वीस पानं तोंडी विचारली, सगळी राहिली. मास्तर तेवढे म्हणाले, “दोन रुपये वाढवा, पण गिनणं बंद करा.” ग्वाल्हेरला तीस कार्डं गेली. चैत्र लागला, उत्तरं येत गेली. एकाने विचारलं, पोळीचा आकार वाढणार का. एकाने रविवारी बाफले, म्हणजे तुपातल्या बाट्या, हव्यात अशी अट घातली. तिघांनी नाही कळवलं. एकाचं उत्तरच नाही, ते मी गेलं धरलं. चार झाले. एकच कार्ड यायचं राहिलं होतं, हिशेबतपासणीवाल्यांचं. त्यांची मला काळजी नव्हती.

ते आलं तेव्हा मी ओट्यावर बसून वाचलं. यंदा कुटुंब सोबत आणत आहे, खोली घेतली आहे, सबब जेवायला असणार नाही. काकूंना नमस्कार.

पाचवं पान. मी पुन्हा मांडलं, दोनदा. वीस रुपये कमी. वर्षाचे वीस रुपये, म्हणजे आठवड्याला सहा-सात आणे. पण कागदावर ते दिसत होते आणि मला त्यांच्यापुढे पाऊल टाकता येत नव्हतं. काकूंना जाऊन सांगितलं की यंदा जमत नाही, पुढच्या साली पाहू.

काकू शेंगा निवडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, “माझ्या पगारातले वीस काप.”

“काकू, तुमचा पगार कागदावरच आहे.”

“म्हणूनच म्हणते. कापायला सोपा.”

कार्तिकात सरकार ग्वाल्हेरला गेलं आणि मी खंडव्याची गाडी धरली. त्याआधी महिनाभर बसून साठ कागद लिहिले, दिवसाला एक. तिथी, उपासवाले, कणीक, डाळ, पोळ्या. बाईंचा भाऊ साठ दिवसांसाठी कबूल झाला होता. मुंबईहून बोटीने मुसाकाजी बंदरात उतरलो आणि चालत घरी गेलो. आई अंगणात उन्हात बसली होती. उन्हात तिला थोडं दिसायचं. तिने मला अगदी जवळ बसवलं, तिरकी मान करून पाहिलं, म्हणाली, मिशी आलीय की. मग विचारलं, किती दिवस आहेस.

“बावन्न,” मी म्हटलं. जायचे-यायचे आठ वजा केलेले होते.

ती म्हणाली, “मोजून आलास होय रे.”

त्यानंतर तिने कधी दिवसांचं नाव काढलं नाही. मी मात्र रोज सकाळी उठलो की आज तिकडे कितवा कागद लागला असेल ते मनात म्हणायचो. दुपारी जेवताना आईच्या पुढ्यात भाकरी किती आणि शिल्लक किती, तेही.

बावन्नाव्या दिवशी निघालो. इंदूरला कोठारात शिरलो तर साठ कागदांचा गठ्ठा कणगीवर ठेवलेला होता. वरच्या दोघांवर ‘दिले’, ‘शिल्लक’ भरलेलं, बाकीच्यांवर ते रकाने कोरे. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, तिसऱ्या दिवसापासून पाहिलेच नाहीत रे, बाईंनी आणि मी डोळ्यानं करत गेलो. काही उरलं का, काही कमी पडलं का? त्यांनी आठवून सांगितलं, एकदा भात कमी पडला होता, पोह्यांवर भागवलं.

त्यांनी पान वाढलं. मी जेवलो. फाल्गुन दीड-दोन महिन्यांवर होता, जोडकार्डं आणायची होती. जेवता जेवता माझ्या मनात एकच गोष्ट येत राहिली. कागद पेटीत अजून चारशेच्या वर होते. साठच्या पुढचा लिहून आईजवळ आणखी राहायला मला कुणी नको म्हटलं नव्हतं.