काकांच्या ट्रॅक्टरचा दुसरा गिअर

मी आयटीआयमध्ये ट्रॅक्टरचा ट्रेड शिकवते. पोरांकडून गिअरबॉक्स खोलून घेते, परत बसवून घेते, आणि शेवटी एखादा वॉशर उरला की सगळ्यांची हजेरी घेते. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं. या धंद्याला दोन्ही उपयोगी पडतात. दापोलीत बाई ट्रॅक्टर शिकवते याचं आता कुणाला काही वाटत नाही. मंडणगडकडच्या आमच्या वाडीत मात्र 'ती शाळेत असते' एवढ्यावर भागतं. काय शिकवते असं कुणी खोदून विचारलंच, तर माझे धाकटे चुलते 'मराठी' असं ठोकून देऊन मोकळे होतात.

काकू गेल्यापासून हे काका घरी एकटेच असतात. मुलगा मुंबईला नोकरीला. तो दरवर्षी म्हणतो, बाबा, आता बास करा, माझ्याकडे चला. काका दरवर्षी म्हणतात, येतो की, लावणी होऊ दे. लावणी झाली की तण काढायची बेणणी येते, मग गणपती, मग कापणी, कापणी झाली की कुळीथ. मुंबईला न जायची कारणं त्यांना शेतातच उगवून मिळतात.

शेवटचा बैल गेला तेव्हा काकांनी घाटावरून एक जुना छोटा ट्रॅक्टर आणला. आमची खाचरं एवढाली, की मोठा ट्रॅक्टर घातला तर वळायला शेजाऱ्याची परवानगी लागेल. हा छोटा मात्र बांधाबांधावरून सुखाने फिरायचा. आला त्या दिवशी काकांनी त्याला गोठ्यात बैलांच्या जागी उभा केला आणि तेव्हापासून तो तिथेच राहतो.

यंदा ऐन लावणीत चुलतभावाचा फोन आला. निम्मी चिखळणी झाली होती, आणि खालच्या खाचरातून वरच्या खाचरात चढताना ट्रॅक्टरचा दुसरा गिअर आपोआप सुटला. ट्रॅक्टर उलटा घरंगळत येऊन गडग्याला टेकला. गडग्याचे चार दगड पडले, काका मात्र सीटवर जसेच्या तसे. पण वाडीतल्या कुणीतरी फोटो मुंबईला पाठवला आणि काकांनी खाली उतरून पाय धुवायच्या आत ती बातमी अंधेरीपर्यंत पोचली होती.

"ताई, तू जाऊन बघ," भाऊ म्हणाला. "आणि बघून सांग त्यांना, की हा गेला. आता दुरुस्त होत नाही म्हणावं. तुझं ऐकतील ते."

"मी खोटं सांगू?"

"खोटं कुठे? पुढे होणारच आहे, ते जरा आधी सांगायचं. ट्रॅक्टर गेला की शेती थांबली, शेती थांबली की बाबा आले इकडे."

मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पण फोन ठेवल्यावर ते चार दगड माझ्याही डोळ्यांसमोरून हलेनात. गडगा तिथे नसता तर? या वयात, एकटा माणूस, उतारावर. खोटं सांगायचा विचार माझ्याही मनात आला, आणि म्हणूनच भावाचा जास्त राग आला.

मी पोचले तेव्हा वाडीने निदान करून ठेवलं होतं. तिघांच्या मते क्लच. एकाच्या मते डिझेलमध्ये भेसळ. शेजारच्या वहिनींच्या मते दृष्ट, कारण ट्रॅक्टर फार नीटनेटका ठेवतात. काका पडवीत बसून नुसते माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या 'गेला' किंवा 'राहिला' म्हणण्यावर काय ठरणार आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. समोर लावणीसाठी थांबलेला भाताचा तरवा पिवळा पडायला लागला होता.

मी इंजिन बंद ठेवूनच लिव्हर हलवून बघितली. इंजिन बंद असताना गिअरला क्लचची गरजच नसते, तरी लिव्हर दगडात रुतल्यासारखी घट्ट. म्हणजे क्लच निर्दोष, तिघे बाद. मग गिअरबॉक्सच्या तळाचं बूच काढलं. तिथून काळं तेल यायला हवं होतं. आधी आलं पाणी, चांगलं तांब्याभर. त्याच्यामागून जे आलं, त्याला तेल म्हणण्यापेक्षा जास्त दुधाचा चहा म्हणणं बरं. वर त्यात बारीक वाळू.

"काका!" मी ओरडले. "हा पावसात उभा ठेवता तुम्ही?"

काका ताडकन उठले. "पावसात? ये, बग ये." त्यांनी मला गोठ्यात नेलं. कौलं नवी, वरून प्लास्टिक, खाली जांभ्याच्या फरशीवर पेंढा पसरलेला, सीटसाठी धुतलेला गोणपाट. "ह्याच्यावर एक थेंब पडत नाय. मी गळतीखाली निजेन, ह्याला नाय निजवनार."

ते खरंच होतं, काकांच्या खाटेखाली मी पातेलं बघितलं होतं. मग पाणी आलं कुठून? मी गिअरबॉक्सचं वरचं झाकण उघडलं. गिअर जागेवर धरून ठेवायला आत एक लोखंडी गोळी असते आणि तिच्यामागे स्प्रिंग. दोन्ही गंजून एकमेकांना चिकटली होती. म्हणून गिअर पडता पडत नव्हता, आणि पडला तर जोर आला की सुटत होता. कारण कळलं, पण कारणाचं कारण कळेना, आणि असं झालं की मी कुणाशीही भांडते. त्या दिवशी वहिनींशी भांडले.

दापोलीहून स्प्रिंगा, गोळ्या आणि ऍक्सलची पाणी अडवणारी नवी सीलं आणली. आतून डिझेलने धुतलं, पुन्हा धुतलं, गंज घासला, सगळं बसवून ताजं तेल भरलं. एकही वॉशर उरला नाही. मग तोच चढ मी स्वतः दुसऱ्या गिअरमध्ये चढवला. काका चाकामागे लावायला हातात चिरा घेऊन मागून चालत होते. गिअर सुटला नाही. काकांनी चिरा टाकला, मला खाली उतरवलं आणि संध्याकाळपर्यंत उरलेली खाचरं चिखळून काढली. त्यांची शीळ घरापर्यंत ऐकू येत होती. मला इतका आनंद झाला, की मी वहिनींची माफी मागून आले.

परत आले तर काका ट्रॅक्टर गोठ्याकडे न आणता खाली पऱ्याच्या वाहत्या पाण्याकडे वळवत होते. मांडीवर नारळाची सोडणं घेतलेली.

"कुठे निघालात?"

"आंगोळीला."

"तुमच्या?"

"माझ्या कनाला? ह्याच्या."

मी धावत जाऊन आडवी उभी राहिले. मग सगळं बाहेर आलं. बैल होते तेव्हा काम संपलं की काका त्यांना पऱ्यात पोटापर्यंत उभे करून सोडणाने घासायचे. ट्रॅक्टर आला, तोही तसाच. रोज, तापलेलाच, पोट बुडेपर्यंत. "दिसभर चिखलात राबलाय तो," काका मलाच समजावत होते, "तसाच नेऊन बांदू?"

मी समजावलं. गरम गिअरबॉक्स एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि मग मिळेल त्या फटीतून तो पाणी ओढून घेतो. काकांनी इंजिन बंद केलं. बराच वेळ ते त्याच्या बॉनेटवरून हात फिरवत राहिले.

"म्हंजे मीच मारीत व्हतो त्याला," ते म्हणाले.

तेवढ्यात भावाचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला आणि काकांकडे न बघता सांगितलं, "दुरुस्त झाला. सीलं गेली होती. जुनी झाली की जातात."

"सीलं नाय," काका मध्येच म्हणाले. "मी पऱ्यात बुडवला. रोज."

"बघ, ताई!" भाऊ उसळला. "मी काय वेगळं सांगतोय? उद्या स्वतः जातील पाण्यात. बाबा, मला भीती वाटते हो. कामावर असताना फोन वाजला तरी धस्स होतं. चला ना इकडे. काय कमी आहे इकडे?"

"कमी काय नाय रे," काका म्हणाले. त्यांनी हातातलं सोडण उलटसुलट केलं. "पन तकडं सांजचा मी कुनाला धुवू?"

मी फोन काकांच्या आणखी जवळ धरला.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "पाणी कितपत चालतं त्याला?"

"गार झाल्यावर, बादलीने. पऱ्यात नेलाच, तर चाकाच्या निम्म्याखालीच."

"मग तेवढं नीट दाखव त्यांना," तो म्हणाला. "आणि निघायच्या आधी ब्रेक बघून जा."