डॅनीच्या खेळाबद्दल माझं मत

बास्केटबॉलबद्दल मी आयुष्यभर बडबडत आलोय. बायको म्हणायची, निकाहाच्या दिवशीही तुम्हाला दुसरा विषय नव्हता. पण याच खेळातली एक गोष्ट मी तिलाही कधी सांगितली नाही. ती गेली तेव्हा उशाशी बसून होतो — ओठांवर आली, आणि गिळली. आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का, ते मला विचारू नका.

आधी माझी मतं ऐका, म्हणजे मी कसला माणूस आहे ते कळेल. टोपलीत बॉल टाकणारा मला मोठा वाटत नाही. टाकू न देणारा मोठा. प्रोंमधले, म्हणजे पैसे घेऊन खेळणाऱ्यांतले, टोपलीखाली उभे राहणारे सात फुटी सेंटर लोकांना फार आवडतात. मी म्हणतो, उंची अल्लाने दिली, त्यात तुझं काय? कॉलेजची पोरं प्रोंपेक्षा जीव तोडून खेळतात, पण दमली की लपतात. दमलेल्या खेळाडूचे पाय बघावेत, हात नव्हे. दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या फ्लॅटमध्ये नातू मॅच लावतो आणि मी सुरू झालो की म्हणतो, “नाना, यू नेव्हर इव्हन सॉ दोज गाइज प्ले.” खरं आहे त्याचं. ज्यांच्यावर मी सगळ्यांत जास्त मतं दिली, त्यांना एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं.

साठच्या दशकातली गोष्ट. यूएई हा देश अजून व्हायचा होता. आज जिथे रुवैसची रिफायनरी आहे तिथून आत, खाऱ्या कडक जमिनीवर — तिला तिथे सबखा म्हणतात — एका तेल कंपनीचा कॅम्प होता. मी रत्नागिरीकडचा, तिथे स्टोअरकीपर. आठवड्यातून एकदा येणारी टपालाची थैलीही माझ्याच ताब्यात. बोटीची वाट बघत मुंबईत नागपाड्याजवळ गावच्या जमातीच्या खोलीत आठ महिने काढले होते, तिथे या खेळाचं वेड लागलं. कॅम्पवर अमेरिकन ड्रिलर होते, त्यांची जुनी मासिकं होती. आणि फजरच्या नमाजानंतर शॉर्टवेव्हवर खरखरत येणाऱ्या मॅचेस होत्या, कारण तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची पहाट.

हॉलिस हा ड्रिलिंगचा साहेब. त्याचा मुलगा डॅनी ओक्लाहोमातल्या एका लहानशा कॉलेजकडून खेळायचा. हॉलिसला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. बायकोच्या पत्रांतून पेपरची कात्रणं यायची, ती घेऊन तो दर शुक्रवारी स्टोअरच्या खिडकीशी यायचा. म्हणायचा, जोसेफ, तुझं मत काय? माझं नाव युसूफ. पण त्या प्रश्नापायी मी जन्मभर जोसेफ राहायला तयार होतो. एवढा मोठा साहेब एका कोकणी कारकुनाला विचारतोय, माझा मुलगा प्रो होईल का! मी फोटो उजेडात धरून सांगायचो — डावा हात कच्चा आहे. बचावात गुडघे वाकवत नाही, ताठ उभा राहतो. पण नजर चांगली आहे, बॉलकडे नाही, माणसाकडे बघतो. हॉलिस ते सगळं घरी लिहून कळवायचा.

मग एका थैलीत ते पत्र आलं. हॉलिसच्या नावाचं, ओक्लाहोमाचा शिक्का, अक्षर बायकोचं नव्हे, अनोळखी, आणि पाकिटाचा खालचा कोपरा फाटलेला.

तुम्हाला माहीत असेल, नसेल — आमच्याकडे मरणाची बातमी कळवायची तर कार्डाचा कोपरा फाडून पाठवत. असलं कार्ड उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. बाहेरच वाचतात आणि फाडून टाकतात. अमेरिकन माणूस हे कशाला पाळेल? प्रवासात पाकीट फाटलं असेल, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही का? सुचली. पण मेसचा स्वयंपाकी हुसेनचाचा, श्रीवर्धनचा म्हातारा, पाकीट बघून दोन पावलं मागे सरला.

“हबीबी, हा मौतचा कागद आहे,” तो म्हणाला. “तुझ्या हाताने देऊ नकोस.”

मौत म्हणजे डॅनीचीच, असं मी धरून चाललो आणि ते माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलं. दोन दिवसांनी देऊ म्हटलं. दोनाचे आठ झाले. भीती होती, ती खरीच होती. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं आणि ते मला तेव्हाही दिसत होतं — पोरगा गेला म्हटल्यावर शुक्रवारी माझ्या खिडकीशी कोण येणार?

कॅम्पच्या मागे आम्ही ड्रिलिंगच्या पाइपला रिंग वेल्ड करून एक खांब उभारला होता. दुपारी जेवण झालं की सगळा कॅम्प झोपायचा. त्या आठवड्यापासून मला नेमका तेव्हा बॉलचा आवाज येऊ लागला. थप्. थप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा थप्. फ्री थ्रो मारण्याआधी रेषेवर उभा खेळाडू बॉल आपटतो, तसा. कॅम्पवर बॉल एकच, आणि तो माझ्या स्टोअरमध्ये कुलपात. कुलूप उघडून बघितलं. बॉल जागेवर होता. हात लावला तर कोमट — पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाने सगळंच कोमट असतं, मला ठाऊक आहे. बाहेर येऊन खांबाकडे पाहिलं. त्या वेळी मृगजळात खांबाचा बुंधा दिसत नाही, खांब हवेत तरंगतो. त्याच्या शेजारी आणखी एक उभी रेघ होती. उंच, बारीक. गुडघे न वाकवता उभी होती.

मी आत जाऊन दार लावलं आणि कुराणातली आयतुल कुर्सी पढलो.

शुक्रवारी हॉलिस आला. थैलीत बायकोचं पत्र नव्हतं, म्हणून नवं कात्रण नव्हतं, त्याने जुनंच पुढे केलं. आणि मी बोललो हो. माझ्या मते जे पोर कबरीत होतं त्याच्या डाव्या हाताबद्दल बोललो. पुढच्या मोसमात सुधारेल म्हणालो. बोलता बोलता बाहेर थप् झालं. मी हॉलिसकडे बघितलं. तो हसऱ्या तोंडाने फोटो बघत होता, त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. असे तीन शुक्रवार गेले.

तिसऱ्या शुक्रवारी त्याच्या हातात बायकोचं ताजं पत्र होतं. म्हणाला, डॅनीने म्हणे मला स्वतः पत्र लिहिलंय, आयुष्यात पहिल्यांदा. काय लिहिलंय ते आईला सांगत नाही. मग सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, तसं काही आलं होतं का?

डॅनी जिवंत होता. माझ्या अंगावरून ओझं उतरायला हवं होतं, नाही का? पण माझ्या तोंडून आलं, “नो, सर.”

तो म्हणाला, हरवलं असेल, गरज असेल तर पोरगा पुन्हा लिहील. आणि गेला.

मी खोलीत जाऊन पाकीट फोडलं. एकच पान. डॅनीने लिहिलं होतं की प्रशिक्षकाने त्याला बाकावर बसवलंय, मोसम वाया गेलाय, आणि मित्र सैन्यात भरती होताहेत. कॉलेज सोडून आपणही नाव नोंदवावं असं त्याला वाटत होतं. “तुमच्या त्या स्टोअरवाल्याला विचारा. मला आजवर खरं तोच बोललाय. तो थांब म्हणाला तर मी आणखी एक वर्ष थांबेन. महिनाअखेरपर्यंत उत्तराची वाट बघतो.”

महिनाअखेरीला सहा दिवस होते.

सहा दिवस. कॅम्पवर वायरलेस होता. अबूधाबीहून तार जाऊ शकत होती. मला फक्त एवढं म्हणायचं होतं — सर, पत्र सापडलं, थैलीच्या मागे पडलं होतं. आणखी एक छोटं खोटं, बस. पण पाकीट मी फोडलं होतं. साहेबाचं टपाल फोडलं म्हणजे पुढच्याच ट्रकने माझी रवानगी, आणि मग रत्नागिरीला कोणत्या तोंडाने जाणार होतो? रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. रोज दुपारी तो आवाज ऐकत पडून राहायचो. सातव्या दिवशी हुसेनचाचा पीठ मळत असताना त्याच्या चुलीत ते पान घातलं. त्याने बघितलं आणि पिठात पाणी घातलं.

म्हणजे कोपऱ्याची गोष्ट मी तुम्हाला आधी सांगितली, ती माझी पळवाट होती. अंधश्रद्धेने माझ्याकडून तीन आठवडे घेतले असतील. ते सहा दिवस मी स्वतः दिले.

आवाज थांबला नाही. डॅनी भरती झाला, लढाईवर गेला, हॉलिस आता कात्रणांऐवजी त्याचा गणवेशातला फोटो दाखवू लागला, तरी दुपारी थप् थप् चालूच. मग एका दुपारी तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी जेवणानंतर मुद्दाम खांबाकडे जाऊन उभा राहायचो, कान देऊन. वाऱ्याशिवाय काही नसायचं. दहाएक दिवसांनी वायरलेसवर हॉलिससाठी निरोप आला, डॅनी लढाईत गेला. पोरगा नेमका कुठल्या दिवशी गेला, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

हॉलिस त्याच आठवड्यात घरी परत निघाला. जाताना खिडकीशी आला. दाढी वाढलेली, हातात काही नाही. म्हणाला, या खेळातलं मला कधीच काही कळलं नाही, जोसेफ, तुला कळतं.

“टेल मी. वॉज ही एनी गुड?”

खेळाबद्दल मी तोवर कधी खोटं बोललो नव्हतो. डॅनी साधा खेळाडू होता. प्रो कधीच झाला नसता. कॉलेज संपवून कुठेतरी शाळेत पोरांना शिकवलं असतं, आणि चांगलं शिकवलं असतं. मी म्हणालो, सर, तो प्रो झाला असता.

हॉलिसने खिडकीतून दोन्ही हात आत घातले आणि माझा हात धरला. कितीतरी वेळ धरून ठेवला. मी धरू दिला.