न हरणाऱ्या माणसांचा डाव

आमच्या भावजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, कुणालाही न दुखवण्याचा आजार आहे. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. गिऱ्हाइकाने चुकीचा नंबर सांगितला, तरी चूक माझीच म्हणून मोकळे होतात. असल्या माणसाने लढाईचा खेळ बनवायला घ्यावा, म्हणजे कमालच झाली!

झालं असं, की कोपऱ्यावरचा खेळांचा दुकानदार त्यांना म्हणाला, "तुमची स्वतःची कार्डं करून आणा. रविवारी कॉलेजची पोरं खेळून बघतील. आवडली तर दुकानात ठेवतो." भावजी हवेत! 'येताना भाजी आणा' सोडून आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना काही आणायला सांगितलं होतं.

त्यांनी कार्डं बनवायचं सॉफ्टवेअर घेतलं. चौकट निवडायची, वर नाव, मध्ये चित्र, कोपऱ्यात शक्तीचा आकडा, खाली नियम. ज्याचा आकडा मोठा, तो समोरच्याला बाद करणार. आता लढवय्ये कुठून आणायचे? घरात काय कमी होते!

सासूबाईंना आठ आकडा मिळाला. 'एका नजरेत समोरचा गार.' त्या खूश. जाऊबाईंना, म्हणजे भावजींच्याच बायकोला, सात. त्या दिवशी चहा आला तो कप आपटूनच. "आईंना आठ आणि मला सात? चालू द्या तुमचं." भावजींनी मुकाट्याने आठ केले. मग मी कशाला गप्प बसू? माझेही आठ झाले. नणंदेने फोनवरून नऊ मागितले, म्हणून सासूबाईंना नऊ, म्हणून सगळ्यांनाच नऊ. आमच्या ह्यांनी आकडा मागितला नाही हो, फक्त 'मला कुणी बाद करायचं नाही' एवढा साधा नियम लिहून घेतला. तो नियमही मग प्रत्येकाला हवाच झाला. सॉफ्टवेअर बिचारं दर कार्डावर लाल खूण करून सांगत होतं, 'हे फार बलवान आहे.' पण सॉफ्टवेअर थोडंच अबोला धरतं!

रविवारी मीही सोबत गेले. पोरांनी डाव मांडला. सासूबाई जाऊबाईंना भिडल्या, कुणी बाद नाही. नणंद माझ्यावर धावून आली, कुणी बाद नाही. दुपार सरली तरी एक कार्ड हललं नाही.

"काका, हा खेळ संपतो कसा?" एकाने जांभई देत विचारलं.

"आमच्याकडे तरी अजून संपलेला नाही," मी म्हटलं.

दुकानदाराने भावजींना बाजूला घेतलं. "अहो, कुणीतरी हरायला हवं ना! पुढच्या रविवारी एकदाच बघू, नाहीतर राहू द्या."

भावजींचं तोंड एवढंसं झालं. खरंच वाईट वाटलं मला. घरी येऊन ते एकेकाची मनधरणी करू लागले, "एक आकडा कमी करू का?" सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी, "म्हातारपणी हेच बघायचं राहिलं होतं." जाऊबाई म्हणाल्या, "आधी वहिनींचा करा." मी म्हटलं, "माझाच बरा सापडतो!"

शेवटी त्यांनी एक नवं कार्ड केलं. त्यावर ते स्वतःच, काच घासताना. शक्ती शून्य. नियम एकाच ओळीचा, ठसठशीत अक्षरांत, 'याला कुणीही बाद करू शकतं.' अशी चार-चार कार्डं दोन्ही खेळाडूंच्या हातात द्यायची, ज्याची आधी संपतील तो हरला. सॉफ्टवेअरने या वेळी लाल खूण केली नाही.

रविवारी पोरं नुसती तुटून पडली. शून्य दिसलं की आरडाओरडा! दुकानदाराने खेळ तिथल्या तिथे ठेवून घेतला.

रात्री जेवताना भावजींनी ते कार्ड सगळ्यांना दाखवलं. हातोहात फिरलं.

"अगदी हुबेहूब जमलंय रे," सासूबाई म्हणाल्या. जाऊबाई खो खो हसल्या. ह्यांनी मीठ मागितलं, मी दिलं.

कार्ड हातात घेऊन भावजी जरा वेळ सगळ्यांच्या तोंडाकडे बघत थांबले. आकडा वाढवा म्हणून कुणीच म्हटलं नाही.