रोडगे आणि वाळकाचं बी

चांगले रोडगे भाजायला गवरी कोरडी लागते, घरकामातली एवढी एकच गोष्ट मला पक्की माहीत आहे. तिनंच माझा घात केला.

त्या वर्षी आमच्या लेकीला बाळंतपणासाठी माहेरी येणं जमत नव्हतं (नोकरी पुण्यात, डॉक्टरही तिथलाच), म्हणून माहेरच तिच्याकडे गेलं. सुमन, म्हणजे माझी बायको, उन्हाळ्याच्या तोंडाला जी गेली ती तिकडेच राहिली. जाताना मला गॅसची टाकी, दुधाची वेळ आणि तुळशीचं पाणी समजावून गेली. गल्लीला मात्र कुणाच्या हवाली करावं, हे तिनं सांगितलं नाही.

आमच्या युसूफ वडगावच्या गल्लीत कुणाचं काही अडलं की बायका आमच्या परसात यायच्या. भांडी विसळल्याचं पाणी कुठल्या झाडाला चालतं, ज्वारीतले सोंडे कसे जातात, विरलेल्या लुगड्याचं काय करायचं, सगळ्याला सुमनकडे उत्तर असायचं आणि त्यासाठी कधी बाजारात जावं लागायचं नाही. ती गेली तरी बायका सवयीनं येतच राहिल्या. आणि परसात मी बसलेलो!

मी जन्मभर कापडाचं दुकान चालवलेला माणूस. "रंग जाईल का हो?" असं कुणी विचारलं की "अजिबात जाणार नाही" हे कापड न बघताच सांगायचो. उत्तर माहीत नसणं ही माझ्या धंद्यात कधीच अडचण नव्हती.

पहिली आली शेजारची द्वारका. "काका, मिरचीवर बोकड्या पडलाय. पानं पार आकसून गेली. काकू कायतरी ताकाचं सांगत होत्या."

"ताकच. फवार बिनधास्त."

"पानी किती घालू?"

"पाणी कशाला? बोकड्या घालवायचाय की त्याला पाजायचंय?"

दुसऱ्या दिवशी गल्लीतली मांजरं द्वारकाची मिरची चाटत बसली होती. त्यानंतर तिनं ज्वारीतल्या सोंड्यांचं विचारलं. ज्वारीत कडुलिंबाचा पाला घालतात एवढं मी पाहिलं होतं. तो सावलीत वाळवून घालतात, हे पाहायचं राहिलं होतं. कणगीतली ज्वारी ओल्या पाल्यानं उबली आणि द्वारकाच्या नवऱ्यानं भाकरीचा पहिला घास तोंडातून परत काढला. गंमत म्हणजे ती तरीही यायची.

खरं सांगू का? मला ते हवं होतं. बायका आल्या की पहिला प्रश्न "काकू कवा येनार?" हाच असायचा. तेवढ्यापुरतं सुमनचं नाव घरात फिरायचं. "मला माहीत नाही" असं म्हटलं असतं तर त्या यायच्या बंद झाल्या असत्या, आणि मग मी आणि तुळस. तुळस काही विचारत नाही.

अशात माझा मित्र बबन आला. माझ्या खिचडीत चमचा फिरवून म्हणाला, "कावून रे, बायको गेली म्हणून असलं खातो का बे? चल, रोडगे लावू."

रोडगे म्हटल्यावर मला सुमनच दिसली. राखेतून रोडगा काढणारी, फडक्यात धरून फोडणारी, वर तुपाची धार सोडणारी. कणीक मी भिजवली. बबननं वांगी आणली. पण आदल्या रात्री अवकाळी पाऊस होऊन परसातला गवऱ्यांचा ढीग पार भिजलेला. मी शोधत फिरलो, तर मागच्या भिंतीवर, वळचणीखाली, एका ओळीत थापलेल्या गवऱ्या. खडखडीत कोरड्या. आपली बायको किती पुढचा विचार करते, या कौतुकानं माझे डोळे भरून आले. मी सगळ्या खरवडून काढल्या.

त्या पेटल्या, आणि काय तडतडल्या! बबन म्हणाला, "लई वाळल्यात रे. फटाक्यावानी वाजायल्यात."

"घरच्या हायत," मी अभिमानानं म्हणालो.

रोडगे खमंग झाले, पण तिच्या हातचे झाले नाहीत. बबनला तसं म्हणालो नाही.

दोन-चार दिवसांनी सुमनचा फोन. "अवो, तिकडं पाऊस झाला म्हनं. भिंतीवरल्या गवऱ्या कोरड्या हायत ना? त्यात वाळकाचं बी थापलंय, माज्या आईनं दिल्यालं. मृग लागला की फोडून आळ्यात लावा. जपा बरं. वाळूक पिकलं की मला आईच्या घरचा वास येतो."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"कोरड्या हायत का?"

"एकदम कोरड्या," मी म्हणालो. राखेइतकं कोरडं दुसरं काय असतं?

दुसऱ्याच दिवशी मी एसट्या बदलत चकलांब्याला, सासरवाडीला गेलो. मेव्हण्यानं आमरस वाढला आणि वाळकाचं नाव काढताच हसला. "दाजी, आता रानात तणनाशक मारतोत आमी. वाळूक कुठलं राह्यलं? आईचं बी ताईकडंच हाय."

ताईकडंच होतं ते!

वाळूक म्हणजे काकडीचंच गावरान भावंड, म्हणून परत येताना मी बाजारातून काकडीच्या बियांची पुडी आणली आणि मृगात आळ्यात टोकली. वेल वर चढला. सुमन फोनवर विचारायची, "उगवलं का?" मी सांगायचो, "जोरात." यात खोटं काहीच नव्हतं, फक्त वाळूक नव्हतं.

श्रावणात ती परत आली. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात, आणि ती पिशवी टाकून थेट परसात. तिनं वेलाचं एक पान बोटांत धरलं, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही काकडी हाय."

मग मी सगळं सांगितलं. पाऊस, बबन, तडतड, चकलांबा. ती ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, "रोडगे कसे झालते?"

"तुझ्या हातच्यासारखे नाही झाले," मी म्हणालो.

तिनं पदर तोंडाला लावला. रडते की काय म्हणून मी घाबरलो, तर ती हसत होती. तिनं कुंपणावरून हाक मारली, "द्वारका, दाखव गं ह्यांना."

द्वारकाच्या परसात पत्र्यावर वाळकाचा वेल पसरला होता. पानाआड एक पिवळं, पिकून उललेलं वाळूक. वास कुंपणाच्या अलीकडे येत होता. इतके दिवस मी त्याला शेजारच्या उदबत्तीचा वास समजत होतो!

"काकू अर्ध्या गवऱ्या माज्या भिंतीवर थापून गेलत्या," द्वारका म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"काकूच म्हनल्या, सांगू नको. बी शेजारी हाय म्हनल्यावर इकडल्या बिनघोर जाळतील."

सुमननं वाळूक चिरलं. पहिली फोड तोंडाजवळ नेऊन ती डोळे मिटून नुसती हुंगत राहिली, बराच वेळ. दुसरी फोड मला दिली. मी ती खाल्ली तेव्हा हिशेब लागला. जपायचं म्हणून जे होतं, ते ती शेजारी ठेवून गेली होती. घरी फक्त मी होतो.