वॉल्व्हचे राहिलेले आटे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि माकुणसारच्या त्या मित्रालाही नाही, ज्याच्यापाशी मी एरवी पोटातलं सगळं ओकतो. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा इतकी वर्षं हे एकट्यानं वागवायचा आता कंटाळा आला — असंही असेल.

मी ग्रामपंचायतीचा पाणीवाला होतो. सफाळ्याला गाडीतून उतरायचं आणि एसटीनं पार समुद्र दिसेपर्यंत यायचं, तिथलं आमचं गाव. विहिरींचं पाणी मचूळ, चहात टाकलं तर चहा फाटायचा. त्यामुळे टाकीचं गोडं पाणी म्हणजे गावाचा जीव की प्राण. आणि ते कुणाकडे, कधी, किती सोडायचं ते माझ्या हातात! वॉल्व्ह फिरवायची आडव्या दांड्याची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून मी सायकलवरून निघालो की म्हातारेकोतारेसुद्धा हाक मारून बसवायचे. सरपंचांना एवढा मान नव्हता. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू? तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, अंगात मस्ती होती.

पण मी भलतीकडेच चाललो. सांगायचं ते हे नाही.

कोळीवाडा गावाच्या टोकाला, सुरूच्या झाडांपलीकडे वाळूच्या उंचवट्यावर. त्याच्या पायथ्याशी एक सार्वजनिक नळ. वरची सगळी घरं त्या एका नळावर पाणी भरायची. बायका पहाटेच आपापले हंडे, कळश्या, डबे रांगेत ठेवून जायच्या — कुणी बोटीवरचा माल उतरवायला, कुणी मासळी सुकत घालायला. हंडा रांगेत आहे म्हणजे बाई रांगेत आहे, असा तिथला कायदा. दुसऱ्याचा हंडा कुणी सरकवायचा नाही. मात्र दुपारी नळ सुरू झाल्यावर ज्याच्या हंड्याशी माणूस नाही त्याचा नंबर गेला.

त्या रांगेत एका हंड्याच्या गळ्याला जाळ्याचा हिरवा दोरा बांधलेला असायचा. तो भानूचा.

भानू विधवा. नवरा समुद्रात गेला तो आला नाही. घरात ती आणि सासू रखमाय, दोघीच. घर अगदी वर, शेवटचं. भानू सुके बोंबील घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची, आणि परत येऊन घराला लागणारं सगळं पाणी हंड्यानं वर चढवायची. वॉल्व्ह सोडला की मी सायकल मारत नळावर जायचो. पाणी नीट येतंय का बघायला — असं सगळ्यांना सांगायचो. हंडा लावण्याआधी ती एक ओंजळ पाणी प्यायची. डोळे मिटून. ओंजळीतून कोपरापर्यंत पाणी ओघळायचं, आणि मग ती ओल्या हातानं कपाळ पुसायची. एवढंच. एवढ्यासाठी मी नळाच्या वेळेची वाट बघायचो. आमच्यात कधी काही झालं नाही, कुणी काही बोललं नाही. ती मला भाव म्हणायची, म्हणजे भाऊ. तरीही दिवसभर ती ओंजळ माझ्या डोळ्यांपुढून हलायची नाही.

कोळीवाड्याचा वॉल्व्ह मी रोज अर्धाच उघडायचो, नाहीतर खालच्या वाड्यांना पाणी कमी पडायचं. एकदा गंमत म्हणून पुरता उघडला. आणि नळावर जाऊन बघतो तर काय, तोटीनं अशी उसळी मारली होती की पुढच्या बायका चिंब. भानू मागे सरकून हसत होती, तोंडावर पदर धरून. तेव्हा मला दोन गोष्टी कळल्या. एक, ती हसते कशी. दुसरी, त्या पाइपात पाणी वर चढवण्याइतका जोर आहे.

ही दुसरी गोष्ट मला माहीत होती. हे लक्षात ठेवा.

पुढच्या हिवाळ्यात पंचायतीनं घरोघर नळ द्यायचं ठरवलं. खालच्या वाड्यांचा प्रश्न नव्हता. कोळीवाडा उंचावर, म्हणून पालघरहून ओव्हरसियर आले. सार्वजनिक नळापासून वर तात्पुरता पाइप टाकायचा, शेवटच्या घरापर्यंत पाणी चढतं का बघायचं, चढलं तर सगळ्यांना नळ. शेवटचं घर कुणाचं, ते सांगायला नको.

आदल्या दिवशी सगळा कोळीवाडा खूश होता. भानू नळावर हंडा उचलता उचलता म्हणाली की आता हे चढणं सुटेल. आणि मला — कसं सांगू? — मला ते नको होतं. घरात नळ आला की ही इथे कशाला येईल? मी कुठे उभा राहणार? कुणाच्या दारात, कोणत्या निमित्तानं?

ओव्हरसियर वर, भानूच्या ओट्याशी. मी खाली वॉल्व्हच्या खड्ड्यात, एकटा. चावी फिरवत गेलो. रोजच्या जागी आलो, थोडा पुढे गेलो. आटे अजून बाकी होते, हाताला कळत होतं. आणि मी थांबलो. कुणी धरलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. मीच थांबलो.

वर नुसती धार लागली, करंगळीएवढी, मग तीही गेली. ओव्हरसियर खाली आले, खड्ड्याच्या तोंडाशी वाकले.

"पुरता उघडलाय ना?"

"पुरा उघडलाय, साहेब. नाय चढायचं पानी वर."

भला माणूस. त्यांनी चावी हातात घेतली नाही. पाणीवाल्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर? कोळीवाडा योजनेतून गळला. मला वाटलं होतं, बायका मला शिव्या घालतील. तर रखमाय सगळ्यांना सांगत फिरली, "त्या बिचाऱ्यानं त लय जोर लावला. पान्यालाच वर येवाचं नाय, तो काय करील?"

दुसऱ्या दिवशी हिरव्या दोऱ्याचा हंडा रांगेत होता. भानू आली, ओंजळभर प्यायली. आणि मला आनंद झाला. हो, आनंदच झाला. हे लिहायला नको वाटतंय, पण झाला होता.

पुढे वर्षं गेली. खालच्या वाड्यांत तुळशीपाशी नळ आले. कोळीवाडा चढत राहिला.

एका पावसाळ्यात भानूला बाजारातून यायला उशीर झाला. हंडा रांगेत होता, त्याच्याशी कुणी नव्हतं. मी नळावर गेलो, ती दिसली नाही, म्हणून लगेच सायकल वळवली. थांबलो असतो तर? मी वळल्यावर रखमाय नंबर जाऊ नये म्हणून वरून स्वतः खाली आली. हंडा भरला, कमरेवर घेतला, आणि नळाच्या शेवाळलेल्या फरशीवर घसरली. खुबा मोडला. म्हातारी पुन्हा उठली नाही. दोन पावसाळे तशीच खाटेवर पडून होती, आणि तिला धुवायला-पुसायला भानू आणखी हंडे चढवत राहिली. मी तिचे भरलेले हंडे अर्ध्या चढापर्यंत नेऊन द्यायचो. लोक म्हणायचे, माणूस देवासारखा आहे.

तेव्हा तरी सांगायचं होतं. ओव्हरसियरना पुन्हा बोलावून एकदा चावी पुरती फिरवायची होती, बस्. पण मग सगळ्यांना कळलं असतं ना — तिलाही कळलं असतं. मी नाही फिरवली.

रखमाय गेल्यावर भानूचा भाऊ तिला न्यायला आला. तो कारखान्यात होता, बोईसरजवळ सालवडला चाळीत राहायचा. जायच्या दिवशी ती नळावर आली. हंड्याच्या गळ्याचा दोरा अजून तोच, विटलेला.

"तुमी व्हते म्हून आमचा नळ चालला, भाव," ती म्हणाली. "सालवडला घरात नळ हाय. पन पानी आलं का म्हून तिथं कोनी विचारावला येनार नाय."

ती ओंजळभर पाणी प्यायली आणि गेली. नंतर मी सालवडवरून कितीदा तरी गेलो असेन. चाळीच्या दारांतून हंडे दिसायचे, हिरवा दोरा कधी दिसला नाही. रोज नळावर मात्र जात राहिलो. रांगेत बघायचो. अजूनही एखादी बाई ओंजळीनं पाणी पिताना दिसली की माझे पाय थांबतात.

नव्वद सालानंतर नवे इंजिनिअर आले, तरुण. म्हणाले, एकदा पुन्हा बघू. तसाच तात्पुरता पाइप टाकला, त्याच शेवटच्या घरापर्यंत. घर बंद होतं, कौलं उतरवलेली. मी खड्ड्यात उतरलो आणि चावी फिरवत गेलो, पार अडेपर्यंत. टाकी तीच होती, पाइप तोच, वॉल्व्ह तोच. वरून बायकांचा गलका ऐकू आला. चढून गेलो तेव्हा भानूच्या ओट्यावरून पाणी भसाभसा वाहत होतं, बंद दाराच्या फटीतून आत शिरत होतं.

कुणीतरी नारळ आणला. एवढी वर्षं यानं आपल्याला पाणी पाजलं, म्हणून मान माझा, असं सगळ्यांनी ठरवलं. मी नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे करून वाटले. माझ्या वाट्याचा तुकडा मीही खाल्ला.