अंजूरची गंजलेली स्टेशन वॅगन

मित्रांनो, हात अजून गंजाने लाल आहेत, पण राहवत नाही म्हणून आधी तुम्हालाच सांगतोय.

आज सकाळी मी आणि बायको मनीषा अंजूरला एक जुनी स्टेशन वॅगन बघायला गेलो. लांबलचक गाडी, मागे दोन माणसं आरामात झोपतील एवढी जागा. मालक काकांनी ताडपत्री ओढली आणि मी अक्षरशः वेडा झालो!

मनीषाने मात्र आत वाकून तळाचा पत्रा दाबला. बोट आरपार गेलं.

"अहो, ही गाडी आहे की चाळणी?"

काका म्हणाले, "पत्रा गेलाय, न्हाय म्हनत न्हाय. पन खालची चासी ठोकून बघा."

मी खाली वाकून तो सांगाडा पान्याने ठोकला. ठणठणीत!

मग काकांनी दुसरी बॅटरी जोडून चावी फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि चक्क चालू झाली! आवाज ऐकून काकी घरातून धावत आल्या. बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "माझी पोरगी या गाडीतच झाली. दवाखान्यापर्यंत पोचलोच न्हाय."

मनीषाने पुन्हा आत वाकून मागची जागा नीट पाहिली. परत येताना भिवंडीच्या धामणकर नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा मी घाबरत विचारलं, "मग, नको ना?"

"आधी तळ नवा करून घ्या," ती म्हणाली. "मग माझ्या आईला वज्रेश्वरीला नेऊ. तिचे गुडघे दुखतात, मागे पाय पसरून बसता येईल."

मी तिथूनच काकांना फोन लावला. गाडी आपली झाली!!

आता सांगा, भिवंडीत पत्र्याचं काम मन लावून करणारा कोण आहे? आणि तुम्ही असता तर घेतली असती का?